खाडीकाठचे घर घेताना धंद्याचा हिशेब

मुंबईच्या दाट वस्तीत राहणाऱ्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची नजर आता वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या खाडीकाठच्या वसाहतींकडे लागलेली असते. रुंद रस्ते, बाग, शाळा, मोकळी हवा हे सारे मुलाबाळांसाठी हवेच आहे. परंतु ज्याची रोजीरोटी घराच्या उंबरठ्यावरच चालते, त्याने घराबरोबर धंद्याचाही हिशेब मांडला पाहिजे. आखीव वसाहतीचे नियम जुन्या मोहल्ल्यापेक्षा वेगळे असतात.

आखणी कशी झाली?

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. त्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात १४ उपनगरे आखण्यात आली. प्रत्येक उपनगराचे सेक्टर पाडून शाळा, दवाखाना, बाजार, उद्यान यांच्या जागा आधीच राखून ठेवल्या गेल्या. मुंबईतील घाऊक बाजारही टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलले. फळे व भाजीपाल्याचा बाजार १९९६ मध्ये आला. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल गाडी सुरू झाल्यावर येथे राहून मुंबईत धंदा करणेही सोपे झाले.

घर एकीकडे, काम दुसरीकडे

जुन्या वस्तीत खाली दुकान, वर घर आणि माळ्यावर शिलाई किंवा जरीकाम असा संसार चालतो. आखीव सेक्टरमध्ये निवासी जागा वेगळी आणि दुकानाची जागा वेगळी. निवासी सदनिकेत यंत्रे बसवून कारखाना चालवला किंवा मालाचे गोदाम केले, तर तो वापरातील बदल ठरतो. सोसायटी हरकत घेते, महापालिकेची नोटीस येऊ शकते, वीज व मालमत्ता कराचे दरही व्यापारी वापराला वेगळे असतात. म्हणून कारागिराने घर पाहण्याआधी जवळपास गाळा मिळतो का आणि त्याचे भाडे किती, हे पाहावे.

एक उदाहरण घेऊ. समजा सदनिका ५०० चौरस फुटांची आहे आणि देखभाल खर्च चौरस फुटाला ६ रुपये आहे. म्हणजे दरमहा ३,००० रुपये. गाळ्याचे भाडे १५,००० रुपये आणि जाण्या-येण्याचा खर्च ३,००० रुपये धरला, तर दरमहा २१,००० रुपयांचा नवा बोजा पडला. नफा शेकडा १० असेल, तर हा बोजा भरून काढण्यासाठी महिन्याला २,१०,००० रुपयांची जादा विक्री करावी लागेल. आपापले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा. बाग, लिफ्ट, पहारेकरी, क्लब या सुविधा घर घेताना एकदाच विकत मिळत नाहीत. त्यांचे पैसे दर महिन्याला मोजावे लागतात.

पाण्याची बाजू

खाडीकाठचा बराच भाग सखल आहे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून नाल्यांच्या तोंडाशी झडपांची दारे आणि आतील बाजूस धारण तलाव, म्हणजे ‘होल्डिंग पाँड’, बांधलेले आहेत. भरतीत दारे मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला दारे उघडून ते खाडीत जाते. तलावात गाळ साचला किंवा दारे नादुरुस्त झाली, तर मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यावर पाणी रस्त्यावर येते. कापड, किराणा, लाकडी सामान यांचा व्यापार करणाऱ्यांनी तळमजल्याचा गाळा भर पावसात, भरतीच्या वेळी, स्वतः जाऊन पाहावा. शेजारच्या दुकानदाराला किती पाणी चढते ते विचारावे.

खिडकीसमोरची तिवरे हटवून पुढे रस्ता किंवा जेट्टी होईल, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या संरक्षणाचे सक्त आदेश दिले असून त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे.

कागदावर काय पाहावे?

पहिली गोष्ट जमिनीची. सिडकोने भूखंड साधारणतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, सदनिका विकताना हस्तांतर शुल्क लागेल का आणि लागल्यास ते कोणी भरायचे, हे सौद्याआधीच ठरवावे.

दुसरी गोष्ट सुविधांची. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले व नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. तरीही बाग, क्लब, खेळाचे मैदान हे कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, ते करारनाम्यात लिहून घ्यावे आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवावा.

तिसरी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्राची. इमारत तयार असेल तर ते पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये.

चांगल्या वस्तीत राहण्याची इच्छा योग्यच आहे. मात्र घरासाठी धंद्याचे भांडवल मोडले, तर हप्ते आणि देखभाल खर्च भरायला कमाईच उरत नाही. म्हणून आधी गाळा आणि गिऱ्हाईक यांची सोय पाहावी, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा आणि मगच बयाणा द्यावा.