टर्बोची गाडी का ओढत नाही?

‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार नवीन जालन्यातील गॅरेजांतून रोज ऐकू येते. गाव सळईचे. औद्योगिक वसाहतीतून सळई भरून निघालेला ट्रक भोकरदन, सिल्लोड करीत अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे जातो. जाताना घाट उतरावयाचा असतो, म्हणून इंजिनाचा अशक्तपणा झाकला जातो. परतीचा माल भरून तोच घाट चढू लागले की तो उघडा पडतो. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यात येते, मागून हॉर्न वाजू लागतात आणि चालक पाय पूर्ण दाबून स्टिअरिंगवर नुसता बसून राहतो.

कला शाखेच्या अंकात इंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. माझे वडील ट्रकचालक आहेत, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. अशक्त गाडी डिझेल जास्त खाते. मालक लिटरमागे किलोमीटरचा हिशेब ठेवतो आणि हिशेब जुळला नाही तर पहिला संशय चालकावर जातो, की याने वाटेत डिझेल विकले. तूट पगारातून कापली जाते. तेव्हा गाडी का ओढत नाही याचे उत्तर सापडणे ही केवळ मिस्त्रीच्या कौशल्याची बाब नाही. त्यावर एका माणसाचा प्रामाणिकपणा ठरत असतो.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे चूल पेटवताना फुंकणीने फुंकतात. लाकूड तेच असते, पण वारा मिळाला की जाळ वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो डिझेल पुरते जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे एका लिटरमागे दहा हजार लिटरांहून अधिक हवा झाली. साधे इंजिन ही हवा स्वतःच्या ओढीने घेते. टर्बो ही इंजिनाची फुंकणी होय आणि तिची गंमत अशी की ती चुलीच्याच धुरावर चालते. बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेले चक्र स्वच्छ हवा दाबून इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो केवळ ऑईलच्या पातळ थरावर. धुरातील वाया जाणारी शक्ती अशी कामास लावण्याच्या कल्पनेचे पेटंट अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले.

आपल्या रस्त्यांवरचे जुने १२१० सारखे ट्रक बिनटर्बोचे होते. १९९३ साली टाटा कमिन्स ही कंपनी स्थापन झाली, जमशेदपूरला ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन बनू लागले आणि पुढे २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तसतसा टर्बो सर्रास झाला. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत संगणक असतो, यंत्र जोडले की तो दोषाचा आकडा सांगतो. जुन्या टर्बो गाडीत असे सांगणारे कोणी नाही. तिथे धूर बोलतो आणि मिस्त्रीला तो वाचता यावा लागतो.

मी ज्या गॅरेजमध्ये सुटीत बसतो तेथील मिस्त्री कोणताही पाना उचलण्याआधी चालकाला एकच विचारतात, “चढावर धूर कसा येतो?” या एका प्रश्नाने अर्धा तपास होतो. गाडी अशक्त आहे आणि धूर काळा आहे, तर डिझेल येते आहे पण हवा कमी पडते. गाडी अशक्त आहे आणि धूरच नाही, तर बहुधा डिझेलच कमी येत आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, तेव्हा नोझल, पंपाचे टायमिंग वा कॉम्प्रेशन पाहावे. पहिल्या दोन प्रकारांतच बहुतेक गाड्या सापडतात.

काळ्या धुराच्या गाडीत आधी एअर फिल्टर पाहावा. आमच्याकडे धुळीला तोटा नाही. पुष्कळ क्लीनर फिल्टर काढून टायरवर आपटतात किंवा बाहेरून हवेचा जोर मारतात. त्याने कागद फाटतो किंवा धूळ आत रुतते. हवा मारावयाची तर हलक्या दाबाने आतून बाहेर मारावी, आणि खरे तर फिल्टर बदलावाच. फाटक्या कागदातून गेलेली धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते, हा पुढचा खर्च वेगळाच.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलर आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंतचे रबरी होज. दाबलेली हवा येथूनच निसटते. क्लिप सैल झाली असेल किंवा होज चिरला असेल तर त्या जागी बहुधा ऑईलची ओलसर धूळ बसलेली दिसते. संशय असल्यास साबणाचे पाणी लावून नळीत हलका दाब भरावा, बुडबुडे जागा दाखवितात. फिल्टर आणि टर्बोमधला होज कधी बाहेरून धड दिसतो आणि आतले अस्तर सुटून जोर पडताच आत ओढला जातो, हेही लक्षात ठेवावे. तसेच धूर टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून निसटत असेल तर चक्राला जोर मिळत नाही. तेथे काजळीचा काळा पट्टा उमटतो. ज्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे तिची झडप अर्धवट मिटून अडकली तर सायलेन्सरचा गळाच आवळला जातो. टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप उघडी राहिली तरी परिणाम तोच.

धूर नसलेल्या गाडीत तपास सर्वांत स्वस्त जागेपासून सुरू होतो. एकाने केबिनमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो का ते पाहावे. दांडी झिजून तो टेकतच नाही, असे होते. मग डिझेल फिल्टर, फीड पंप, लाईनमध्ये शिरलेली हवा, आणि टाकीच्या झाकणाचे बुजलेले भोक.

यापुढची जागा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. अनेक टर्बो इंजिनांच्या पंपावर एक चपटी डबी असते. मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी तिच्यात येते. टर्बोचा दाब वाढला की डबीतला पडदा दबतो आणि तेव्हाच पंप पूर्ण डिझेल देतो. हवा आली नसताना डिझेल जास्त जाऊन काळा धूर होऊ नये, एवढाच तिचा हेतू. परंतु ही नळी घासून फुटली किंवा पडदा फाटला, तर टर्बो उत्तम चालत असूनही पंपाला वाटते की हवा आलीच नाही, आणि तो हात आखडता घेतो. होज फाटूनही काही गाड्या फारसा काळा धूर मारीत नाहीत, त्याचे कारण हेच: दाब कमी होताच डबी डिझेलही कमी करते.

वडिलांच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. ॲव्हरेज चारवरून सव्वातीनवर आले, धूर नाही, ओढ नाही. मालकाने आधी पंप कॅलिब्रेशनला पाठविला, मग टर्बो बदलला. गाडी होती तशीच राहिली आणि दोन महिने तूट वडिलांच्या नावे पडली. मिस्त्रींनी टॉर्च धरून ती नळी बोटाने चाचपली, तेव्हा ब्रॅकेटला घासून तिला पडलेले भोक सापडले. नळी शंभर रुपयांच्या आत आली.

पंपावरून आठवले. आमच्याकडे मायकोचा पंप म्हणतात. कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले तरी तोंडी मायकोच राहिले आहे. ओढ कमी झाली की ‘पंप खोला, डिझेल वाढवा’ असा सल्ला देणारे रस्तोरस्ती भेटतात. हा सल्ला मला घातक वाटतो. हवा कमी असताना डिझेल वाढविले तर धुराची उष्णता वाढते, आणि पिस्टन व टर्बो दोन्ही त्या उष्णतेने जातात.

टर्बोवर येण्याआधी गाडीही पाहावी. ब्रेक धरून राहिला असेल तर हब गरम लागतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही. यात इंजिनाचा काहीच दोष नसतो.

टर्बो सर्वांत शेवटी. इंजिन बंद व थंड असताना पुढचा होज काढून चक्र बोटाने फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे. दांडा आडवा किंचित हलतो, तो ऑईलच्या थरासाठी ठेवलेला मोकळेपणा होय. तेवढ्यावरून टर्बो गेला असे ठरवू नये. परंतु पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा दांडा मागेपुढे खेळत असेल, तर तो गेलाच. नवा बसविण्याआधी जुना का गेला ते शोधावे. ऑईल वेळेवर बदलले नसेल, ऑईल परत नेणारी नळी वाकली असेल, किंवा घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करण्याची सवय असेल, तर नवाही त्याच वाटेने जाणार. गाडी थांबल्यावर एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावी, म्हणजे तप्त दांड्याला ऑईल मिळत राहते.

दुरुस्ती झाली की नाही हे गॅरेजच्या दारात रेस देऊन कळत नाही, कारण भार असल्याखेरीज टर्बोचा दाब बनत नाही. माल भरून, ओळखीच्या चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. वडील आता एका वहीत प्रत्येक खेपेचे डिझेल, माल आणि घाटात लागलेला गिअर लिहून ठेवतात. अक्षरे माझी असतात, आकडे त्यांचे. मालकाने ती वही एकदा मागवून घेतली होती. गेल्या चार खेपांत ॲव्हरेज पुन्हा चारच्या आसपास आहे, पण कापलेल्या पैशांचे बोलणे अजून निघालेले नाही.