जोडप्याने परिक्रमेला निघताना

मुले नोकरीला बाहेरगावी गेली, घर रिकामे झाले, आता पुढे काय? असा प्रश्न पडलेल्या जोडप्यांना कोणी जगप्रवास सुचवतो. मोहगावच्या माणसाला मात्र आधी नर्मदा आठवते. अर्धनारीश्वराचे दर्शन घेऊन निघावे. छिंदवाडा, नरसिंहपूरमार्गे बरमान घाट गाठता येतो.

घाटावर संकल्प करून कुपीत जल घ्यायचे आणि नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे. दक्षिण तटाने निघाल्यास आधी पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथे नावेने पलीकडे, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि तिथून वळून परत. मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. चातुर्मासात एका जागी मुक्काम. जुन्या रीतीने ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस.

एवढी रजा कोणाला मिळते? जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, टप्प्याटप्प्याने चालायला सुरुवात केली. पुढच्या यात्रांत पत्नी कांताबेनही बरोबर होत्या.

वाटेवर सदाव्रत मिळते, म्हणजे कोरडा शिधा. तो घ्यायला हात पुढे करताना मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस आधी अडखळतो. तिथूनच खरी परिक्रमा सुरू होते, असे आम्हांला वाटते.

एक गोष्ट मात्र दोघांनी घरीच बोलून घ्यावी. एकाचे गुडघे थकले तर दुसऱ्याने पुढे जायचे, की दोघांनी परतायचे? आमचे मत परतण्याचे. पहिला टप्पा आठवड्याचाच ठेवा, आणि दिवाळीनंतर निघा.