नदी सर्वांची, पण वाट कोणाची?

नदीचे पाणी कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्याकडील सामान्य माणसाला सहसा पडत नाही. गावोगावच्या नद्यांना घाट आहेत, पाणवठे आहेत, उतार आहेत. महेश्वर येथे अहिल्याबाई होळकरांनी नर्मदेवर बांधलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरताना कोणी कोणाची परवानगी विचारीत नाही. घाट म्हणजे केवळ दगडी बांधकाम नव्हे. वस्तीपासून पाण्यापर्यंत जाणारी ती सर्वांची वाट होय. अशी वाट जेथे परंपरेने लाभलेली नसते, तेथे ती कायद्याने, पैशाने आणि चिकाटीने निर्माण करावी लागते. अमेरिकेच्या वायव्येकडील माँटाना राज्यात ती कशी निर्माण झाली, हे जाणून घेण्यासारखे आहे. कारण तेथे या वाटेचे रूप दिसावयास अगदी क्षुद्र आहे. नदीकाठी मोटारी उभ्या करण्यासाठी खडी पसरून केलेली एक लहानशी मोकळी जागा, एवढेच ते रूप!

माँटाना हा रॉकी पर्वताच्या कुशीतील विरळ वस्तीचा मुलूख. मॅडिसन, यलोस्टोन, बीव्हरहेड अशा तेथील थंड पाण्याच्या नद्या ट्राउट जातीच्या माशांसाठी प्रसिद्ध आहेत. गळ टाकून मासे धरण्याचा नाद असलेले लोक दूरदूरून तेथे येतात. परंतु या नद्यांच्या दोन्ही तीरांवर पुष्कळ ठिकाणी खाजगी गुरांची कुरणे व शेते पसरलेली आहेत, आणि त्यांना मैलोगणती तारेची कुंपणे आहेत. नदी डोळ्यांना दिसते. पण तिच्यापर्यंत पाऊल पोहोचत नाही, अशी तेथे अनेकांची अवस्था होत असे.

हा वाद अखेर न्यायालयात गेला. राज्यातील सर्व पाणी हे जनतेच्या उपयोगासाठी राज्याच्या मालकीचे आहे, असे माँटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेत म्हटले आहे. याच तत्त्वाच्या आधारे १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिअरबॉर्न व बीव्हरहेड या नद्यांसंबंधीच्या दोन खटल्यांत निर्णय दिला. नदीचे पात्र कोणाच्याही मालकीचे असो, ज्या पाण्याचा लोकांना करमणुकीसाठी उपयोग करता येतो, त्या पाण्याचा उपयोग करण्याचा लोकांना अधिकार आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, विधिमंडळाने तसा कायदा केला. नेहमीच्या भरतीचे पाणी जेथवर चढते त्या खुणेच्या आत राहून कोणीही नदीतून चालावे, नाव न्यावी, गळ टाकावा, अशी मुभा त्याने दिली.

मात्र या कायद्यात एक महत्त्वाची मर्यादा आहे. नदीपर्यंत जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क तो देत नाही. म्हणजे पाणी मोकळे झाले, पण पाण्याकडे जाणारी वाट मोकळी झाली नाही. उरला तो एकच मार्ग: सार्वजनिक रस्ता जेथे नदीला भेटतो, ती जागा. सार्वजनिक रस्त्यावरील पुलाजवळून नदीत उतरता यावे यासाठी २००९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. रूबी नदीवरील एका पुलाबद्दलचा वाद तर २०१४ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण पुलाशी उतरण्याचा हक्क मिळाला, तरी मोटार ठेवावयाची कोठे? खेड्यातील रस्ता अरुंद असतो. त्याच्या कडेला चार मोटारी उभ्या राहिल्या, की शेतकऱ्याचे गवत कापण्याचे यंत्र अडते. कोणी फाटकासमोरच गाडी लावून दिवसभर नदीवर निघून जातो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तापलेली मोटार उभी केली, तर वणवा पेटण्याचे भय असते. जमीनमालकाचा राग अनेकदा मासे धरणाऱ्यावर नसून त्याच्या मोटारीवर असतो, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

या गाठीचा उलगडा नदीकाठच्या सार्वजनिक वाहनतळाने होतो. माँटानाच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने अशी तीनशेहून अधिक ठिकाणे राखलेली आहेत. मासेमारीच्या परवान्याच्या शुल्कातील काही भाग अशा जागा मिळविण्यासाठी कायद्याने वेगळा ठेवलेला असतो. शिवाय १९५० च्या एका केंद्रीय कायद्यान्वये गळ, काठ्या, चक्र्या इत्यादी साहित्यावर उत्पादकांकडून कर घेतला जातो व तो पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. १९८४ साली या कायद्याची व्याप्ती वाढली, आणि आज या निधीपैकी १५ टक्के भाग नावांना पाण्यात उतरण्याच्या सोयींसाठी राखलेला असतो. ज्याला छंद आहे, त्यानेच त्या छंदाच्या वाटेचा खर्च उचलावा, असा हा सरळ व्यवहार आहे.

अशी जागा आखताना बराच विचार करावा लागतो. मोटारी थेट काठावर आल्या तर माती ढासळते व गढूळ पाणी नदीत उतरते. म्हणून कडेने मोठे धोंडे रोवून गाड्यांना मर्यादा घातलेली असते. नाव वाहून आणणाऱ्या जोडगाडीसाठी लांब जागा लागते, आणि ती मागे हटवून पाण्यापाशी नेण्यास उतरण लागते. नाव प्रवाहाबरोबर खाली जाते, तेव्हा तिला घेऊन परतण्यासाठी खालच्या तळावरही दुसरी मोटार आधीच ठेवावी लागते. म्हणून सरावलेले लोक सामानाची बांधाबांध उतरणीपासून दूर करतात, नाव चटकन पाण्यात सोडतात, आणि जोडगाडीच्या लांब जागेत एकटी मोटार लावीत नाहीत.

या तळाचे आणखी एक कार्य सहसा ध्यानात येत नाही. तेथे किती मोटारी मावतात, यावर त्या दिवशी नदीवर किती माणसे उतरतील हे पुष्कळ अंशी ठरते. तळ फार मोठा केला तर नदीवर गर्दी होते. फार लहान केला तर गाड्या पुन्हा रस्त्यावर व शेताच्या फाटकाशी उभ्या राहतात. नदीच्या आरोग्याचे फलकही येथेच लागतात. मॅडिसन नदीत १९९४ साली माशांचा एक घातक रोग आढळला आणि वरच्या भागातील इंद्रधनुषी ट्राउटांची संख्या झपाट्याने घटली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका रोगाने मासे मोठ्या प्रमाणावर मेल्यामुळे यलोस्टोन नदीचा १८३ मैलांचा भाग लोकांसाठी बंद करावा लागला. एका नदीतील चिखल, शेवाळ वा पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून नाव व जोडे स्वच्छ करा, पाणी काढून टाका, वाळवा, ही सूचना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येण्यासारखी जागा म्हणजे हा वाहनतळच.

कायद्याने दिलेला हक्क कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर त्याला जमिनीवर थोडी जागा द्यावी लागते. माँटानातील ती जागा दहावीस मोटारींपुरती आहे. तेथे आपली गाडी नीट लावणारा, फाटक जसे सापडले तसे ठेवणारा आणि कचरा परत नेणारा मनुष्य आपल्यामागून येणाऱ्यासाठीही नदीची वाट खुली ठेवतो. ही शिस्त सुटली, की जमीनमालकाचे कुंपण पुन्हा उंच होते, आणि नदी सर्वांची असूनही कोणाचीच राहत नाही.