कच्च्या नाटकाचे श्रोते



जुन्या पिढीतली माणसे नाटक 'ऐकायला' जात. आपण 'बघायला' जातो. आज मला ज्या प्रकाराविषयी बोलायचे आहे, तो पुन्हा ऐकण्याचाच आहे. फक्त त्यात गाणी नाहीत. एखादी लहानशी नाट्यसंस्था असते. तिच्याजवळ स्वतःचे नाट्यगृह नाही, पैसा लावणारा निर्माता नाही, नावाजलेला नट नाही. अशी संस्था चार-सहा महिन्यांचा हंगाम ठरवते आणि महिन्याला एक याप्रमाणे, अजून कोठेही प्रयोग न झालेली नवी नाटके लोकांपुढे नुसती वाचते. पडदा नाही, रंगभूषा नाही, दिव्यांची उघडझाप नाही. पाच-सहा जण हातात वह्या घेऊन खुर्च्यांवर बसतात आणि आपापली भाषणे वाचतात. एक जण रंगसूचना वाचतो. दीड-दोन तासांनी वाचन संपते, चहा होतो, आणि मग ऐकणाऱ्यांचे बोलणे सुरू होते. हंगामाचे खरे काम त्या चहानंतरचे आहे.

नामवंत नाटकातील प्रवेश एखादा मोठा नट रसाळपणे वाचून दाखवतो, तो कार्यक्रम वेगळा. तेथे माल तयार आहे, पारखलेला आहे. आपण त्याची गोडी पुन्हा घेतो. नव्या नाटकाच्या वाचनात माल कच्चा आहे. नाटककाराला स्वतःलाच अजून ठाऊक नसते की दुसरा अंक उभा राहतो की बसतो. ते पाहण्यासाठी त्याने आपल्याला बोलावलेले असते.

मी नाटकातला माणूस नव्हे. माझा जन्म गेला कारखान्यांच्या फाटकांवर. पण हा प्रकार प्रथम पाहिला, तेव्हा मला तो अगदी ओळखीचा वाटला. मागण्यांचा मसुदा तयार झाला की युनियनचा माणूस तो मालकाकडे धाडण्याआधी फाटकसभेत मोठ्याने वाचतो. कचेरीत बसून वाचताना प्रत्येक कलम बिनचूक वाटते. उभ्या माणसांपुढे वाचताना कोठे टाळी पडते हे कळते. पण मी टाळीकडे फारसे लक्ष देत नाही. ज्या वाक्याला माणसे चुळबुळतात, ज्या वाक्याला मागचा एखादा हमाल शेजाऱ्याच्या कानाला लागतो, त्या वाक्यासमोर मी पेन्सिलीने खूण करतो. तेथे काहीतरी खोटे असते, किंवा अपुरे असते. नाटककारही वाचनाच्या वेळी मागच्या रांगेत बसून नेमके हेच करतो. स्वतःचे नाटक त्याने स्वतः वाचू नये असा शहाणा रिवाज आहे, तो यासाठीच. आपल्या आवाजात आपले वाक्य नेहमीच चांगले वाटते. परक्याच्या तोंडी ते अडखळले, तर दोष जिभेचा की वाक्याचा, याचा उलगडा तेथल्या तेथे होतो.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच नवी नाही. नाटक मंडळ्यांच्या काळात नाटककार आपले नाटक कंपनीपुढे वाचून दाखवीत असे आणि त्यावर पुष्कळ काथ्याकूट होत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचाच होता. उरलेले अंक मागाहून आले. म्हणजे ज्या नाटकाने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेदेखील लोकांपुढे प्रथम अर्धेमुर्धेच आले होते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

परंतु कंपनीतले वाचन बंद दाराआडचे होते. नाटक घ्यायचे की नाही हे मालक ठरवी, किंवा एखादी समिती. समितीच्या हाती नाटक दिले म्हणजे काय होते, याचा एक दाखला महाराष्ट्राने विसरू नये. महात्मा फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक गरोदर कुणबीण, तिचा भोळा नवरा, त्यांना ग्रहदशेची भीती घालून नागवणारा जोशी, आणि शेवटी ते जोडपे शिकण्याच्या वाटेला लागते, असा त्याचा विषय. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांच्या हाती पडले 1979 साली. मधे एकशे चोवीस वर्षे गेली. त्या काळात किती कुणब्यांनी, किती कुणबिणींनी ते ऐकले असते? कमिटीऐवजी एखाद्या रात्रशाळेत ते चार वेळा वाचले गेले असते, तर मराठी नाटकाचा इतिहास आपण कदाचित दुसऱ्या पानापासून वाचला असता. हे माझे मत आहे. पंडितांना ते पटेलच असे नाही.

आता परदेशातला एक दाखला देतो, कारण तो कामगाराचा आहे. लंडनमध्ये रॉयल कोर्ट नावाचे एक मध्यम आकाराचे नाट्यगृह आहे. 1956 पासून तेथे नव्या नाटककारांना जागा देण्याचे धोरण सुरू झाले, आणि लवकरच रविवारच्या रात्री 'दृश्यसजावटीविना प्रयोग' होऊ लागले. तालमी करायच्या, पण नेपथ्यावर खर्च करायचा नाही. नाटक लोकांपुढे ठेवून पाहायचे. हे वाचनाच्या एक पायरी पुढचे झाले, पण वृत्ती तीच. सप्टेंबर 1959 मध्ये अशाच एका रविवारी अर्नोल्ड वेस्कर यांचे 'द किचन' झाले. वेस्कर स्वतः हॉटेलच्या भटारखान्यात राबलेला माणूस. नाटकात एका मोठ्या हॉटेलातल्या स्वयंपाकघराची एक पाळी आहे: दुपारच्या गर्दीत आचारी, वाढपिणी, भांडी घासणारे यांची जी तारांबळ उडते, ती. रंगमंचावर अन्नाचा कणही नसतो; नट रिकाम्या हातांनी राबतात. दोन वर्षांनी, 1961 साली, त्याच नाट्यगृहात ते पूर्ण स्वरूपात आले. 1960 साली ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या महासभेने, म्हणजे ट्रेड्स युनियन काँग्रेसने, कामगारांच्या जीवनात कलेला स्थान असावे असा ठराव केला. त्या ठरावाचा क्रमांक 42 होता. वेस्कर यांनी पुढे काढलेल्या संस्थेला 'सेंटर 42' हे नाव त्यावरूनच पडले. वेतन, बोनस, रजा यांच्या ठरावांच्या गठ्ठ्यात नाटकाचा ठराव! आपल्याकडील अधिवेशनांत असा ठराव मांडणाऱ्याकडे लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतील.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात वॉटरफर्ड येथे 1964 साली ओनील थिएटर सेंटर निघाले. तेथे दर उन्हाळ्यात निवडक नव्या नाटकांचे, हातात संहिता धरून, लोकांपुढे वाचन होते. ऑगस्ट विल्सन हे पिट्सबर्गचे कृष्णवर्णीय नाटककार. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, बाकीचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात. त्यांचे 'फेन्सेस' 1983 साली तेथे वाचले गेले. ब्रॉडवेवर ते 1987 साली आले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटकाचा नायक कचऱ्याच्या गाडीवरचा कामगार आहे. गोरे गाडी चालवणार आणि काळे कचरा उचलणार, हे का, असा प्रश्न तो विचारतो व दाद मागतो. या सगळ्यात चार वर्षांचे अंतर आहे, त्याकडे लक्ष द्या. पहिल्या वाचनानंतर विल्सन यांना नाटकावर पुन्हा पुन्हा हात फिरवायला अवधी मिळाला. कच्चे नाटक पक्के व्हायला असा वेळ लागतो.

महाराष्ट्रात ही धडपड झाली आहे. अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी 1971 साली 'आविष्कार' ही संस्था काढली आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नवी नाटके होऊ लागली. भाड्याचे मोठे नाट्यगृह परवडत नाही म्हणून कोणी रडत बसले नाही. शाळेचा हॉल, मोजके प्रेक्षक, इतर संस्थांनाही त्याच जागेत वाव: एवढ्या भांडवलावर ती चळवळ वर्षानुवर्षे चालली. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 1985 ते 1994 या काळात सतीश आळेकर यांच्या संयोजनाखाली नाटककारांच्या विकासाची योजना राबवली. तिला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. 'किरवंत'कार प्रेमानंद गज्वी यांच्या बोधी नाट्य परिषदेने नव्या नाटकांच्या वाचनाच्या व चर्चेच्या कार्यशाळा घेतल्या. 1953 च्या कायद्याने आलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी तर कामगारांच्या कित्येक पिढ्यांना तोंडाला रंग लावायला शिकवले. स्पर्धेचे उपकार मी मानतो. पण स्पर्धेत परीक्षक ऐकतात आणि क्रमांक देतात. क्रमांकाने नाटक सुधारत नाही. चौथा क्रमांक आला, एवढेच नाटककाराला कळते. का आला, ते कळत नाही.

ही सगळी खटपट कशासाठी? ज्यांच्यावर नाटके लिहिली जावीत असे पुष्कळ लोक आपल्या आसपास आहेत, आणि त्यांची नाटके रंगमंचापर्यंत येत नाहीत, म्हणून. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखो माणसांचे संसार त्यात उधळले. त्या वाताहतीवरचे जयंत पवार यांचे 'अधांतर' रंगभूमीवर आले 1997 साली. पवार स्वतः लालबागचे. गिरणगाव त्यांनी आतून पाहिलेले. नाटक थोर आहे. पण पंधरा वर्षे! त्या मधल्या काळात चाळीचाळींतून किती वह्या भरल्या असतील आणि ट्रंकेत पडून राहिल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

तसेच कामोठ्याचे. सिडको 1970 साली स्थापन झाली. त्याआधी येथे गावठाण होते, भाताची खाचरे होती, खाडी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी उभा राहिला, आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. आज त्याच जमिनीवरील इमारतींत साताऱ्याचा, कोकणाचा, मराठवाड्याचा माणूस कर्जाचे हप्ते भरत राहतो. मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून लोकल पकडतो, किंवा तळोज्याला पाळीवर जातो. खालच्या मजल्यावर ज्याची जमीन गेली तो, वरच्या मजल्यावर ज्याने ती चौरस फुटाने विकत घेतली तो: हे नाटक नाही तर काय आहे? पण कोणता निर्माता त्यासाठी थैली मोकळी करील? आणि अनुभवाने त्याला दोष तरी कसा द्यावा? मोठ्या प्रयोगाचा खर्च त्याच्या अंगावर असतो. वाचनाचा खर्च म्हणजे सहा प्रतींची छपाई, शाळेच्या वर्गाचे भाडे आणि चहा.

शिवाय एक गोष्ट अशी, की ती पुण्यामुंबईच्या हॉलमध्ये होणारच नाही. समजा, नाटकात गावठाणातली एक म्हातारी आहे आणि लेखकाने तिच्या तोंडी आगरी बोली घातली आहे. ती बोली खरी की नुसती पुस्तकी, हे दादरचा प्रेक्षक सांगू शकणार नाही; तो हसेल. येथे दुसऱ्या रांगेत बसलेली आजी सांगेल, "आमच्यात असं नाय बोलत." या एका वाक्याची किंमत मोठ्या समीक्षकाच्या चार स्तंभांइतकी आहे.

ऐकणाऱ्यांच्या बोलण्यालाही थोडी शिस्त लागते. नाही तर चर्चेचे दोन मिनिटांत भाषण होते, आणि तो दोष आम्हा युनियनवाल्यांत सर्वांत जास्त. पहिला अर्धा तास नाटककाराने गप्प बसावे, खुलासे देऊ नयेत. प्रयोगाच्या वेळी तो प्रेक्षकाशेजारी बसून खुलासे देणार नसतो. श्रोत्यांनी आधी काय ऐकले ते सांगावे: कोणत्या माणसाविषयी काळजी वाटली, कोठे गोंधळ झाला, कोठे घड्याळाकडे लक्ष गेले. "मी असतो तर शेवट असा केला असता," हे शक्य तो कोणी म्हणू नये; ज्याला तसा शेवट हवा आहे, त्याने वही घ्यावी. आणि शाल-श्रीफळ त्या दिवशी घरीच ठेवावे. नाटककाराचा सत्कार झाला की मग त्याला खरे सांगायला कोणी धजत नाही.

वाचनाला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. बडबडे नाटक वाचनात सरस ठरते आणि मुक्याने घडणारे नाटक मार खाते. 'द किचन'सारखे नाटक खुर्च्यांवर बसून वाचले, तर त्यातला जीवच हरवेल. बहुधा म्हणूनच त्याला रविवारची उभी रात्र लागली. भारदस्त आवाजाचा वाचक पोकळ भाषणालाही वजन आणतो, म्हणून वाचणारे फार नामांकित नसलेले बरे. सर्वांत मोठा धोका असा, की वाचन स्वस्त पडते म्हणून वाचनावरच नाटकाची बोळवण होते. सहा नाटके वाचली, टाळ्या झाल्या, अहवाल छापला, आणि एकाचाही प्रयोग नाही! यासाठी संस्थेने हंगामाच्या आरंभीच जाहीर करावे की यांतल्या एका नाटकाचा तरी प्रयोग आम्ही करू, मग तो पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात होवो की शाळेच्या पटांगणात.

हंगाम म्हणण्याचे कारणही येथेच आहे. एक वाचन म्हणजे एक संध्याकाळ. पाच वाचनांनंतर तेच चाळीस श्रोते पुन्हा येऊ लागले की त्यांचा कान तयार होतो. सप्टेंबरात ऐकलेले नाटक फेब्रुवारीत दुरुस्त होऊन परत आले, तर काय बदलले हे त्यांनाच कळते, दुसऱ्या कोणाला नाही.

पैशाविषयी बोलल्याशिवाय माझ्यासारखा माणूस खाली बसणार नाही. वाचणाऱ्या नटांना व नाटककाराला काही मानधन द्यावे. थोडे असो, पण पाकिटात घालून, त्याच रात्री. "हौसेचे काम आहे" हे वाक्य मी कारखान्यांतही वेगवेगळ्या रूपांत ऐकले आहे. वाचलेल्या नाटकावरचा हक्क नाटककाराचाच राहील, हे कागदावर लिहावे. प्रतींवर क्रमांक घालून वाचनानंतर त्या परत घ्याव्यात.

आणि वेळ. रविवारी सकाळी दहाला वाचन ठेवले, तर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो आणि बायकांचा स्वयंपाक चुलीवर असतो. शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवले, तर निम्मे कामोठे लोकलमध्ये उभे असते. रविवारी दुपारी चारची वेळ मला त्यातल्या त्यात बरी वाटते. तळोज्याच्या दुपारपाळीवाल्यांना तीही सोयीची नाही. त्यांच्यासाठी महिन्याआड एक वाचन पाळी सुटल्यावर, रात्री अकराच्या पुढे, ठेवून पाहायला हरकत नाही.