बुद्ध्यंकामागचा समूह
(लेखमाला : बुद्धीचे मोजमाप, लेखांक ६)

मागील लेखांकातील विवेचन आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये सिद्ध केलेल्या कसोटीपाशी थांबले होते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला वेगळ्या शिक्षणाची गरज आहे हे ओळखणे एवढाच त्या कसोटीचा हेतू होता, आणि पुढील आवृत्तीत तिच्यातून हाती येई ते ‘मानसिक वय’, म्हणजे मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतके प्रश्न सोडवू शकते ते वय. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने कसोटीत त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि ‘बुद्ध्यंक’ हा आकडा रूढ झाला. आठ वर्षांचे मूल दहा वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतके प्रश्न सोडवत असेल, तर या रीतीने त्याचा बुद्ध्यंक १२५ येतो.

ही रीत मुलांपुरती बरी चालली, परंतु मानसिक वय काही आयुष्यभर वाढत राहत नाही, त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला हाच भागाकार लावला तर तो केवळ वय वाढल्यामुळे मंद ठरू लागतो. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करणाऱ्या डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कसोटीत भागाकार सोडून दिला आणि प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटातील लोकांशी केली. त्या गटाची सरासरी १०० धरायची आणि ‘प्रमाण विचलन’, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारे माप, १५ धरायचे, असा संकेत तेव्हापासून रुळला. त्यानुसार सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ या टप्प्यात येतात आणि १३० च्या वर जेमतेम सव्वादोन टक्के उरतात. तेव्हा आजचा बुद्ध्यंक हे उंची किंवा वजनासारखे माप नव्हे. १४० बुद्ध्यंकाच्या माणसाची बुद्धी ७० वाल्याच्या दुप्पट असते, या म्हणण्याला काही अर्थच नाही. तो रांगेतला क्रमांक आहे, आणि रांगेत कोण उभे आहे हे कळल्याशिवाय क्रमांकाला किंमत नसते.

साध्या प्रमाण विचलनातील फरकानेही केवढा घोटाळा होतो, हे मेन्सा या संस्थेच्या प्रवेशावरून दिसते. लोकसंख्येतील वरच्या दोन टक्क्यांत येणाऱ्यांना ही संस्था सदस्यत्व देते. त्या उंबरठ्यावरच्या माणसाला वेक्सलरच्या कसोटीवर सुमारे १३०, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या आवृत्तीवर (तिचे प्रमाण विचलन १६ होते) १३२ आणि कॅटेलच्या कसोटीवर (विचलन २४) १४८ गुण मिळतात. माणूस तोच, रांगेतली जागाही तीच, आकडे मात्र तीन. कसोटीचे नाव न सांगता कोणी १४८ चा उल्लेख केला, तर त्यातून प्रतिष्ठेपलीकडे काही कळत नाही.

दुसरी गोष्ट त्रुटीच्या मर्यादेची. कोणतीही कसोटी त्याच माणसाला पुन्हा दिली तर गुण थोडे मागेपुढे होतात; ते किती स्थिर राहतात याला कसोटीची ‘विश्वसनीयता’ म्हणतात आणि ती शून्य ते एक या मापाने सांगतात. एकूण बुद्ध्यंकासाठी ०.९५ विश्वसनीयता असलेली कसोटी उत्तम मानली जाते, तरीही पंधराच्या विचलनाशी गणित मांडले तर तिची ‘प्रमाण त्रुटी’, म्हणजे मिळालेला गुण खऱ्या गुणापासून साधारणपणे किती ढळतो त्याचे माप, साडेतीन गुणांच्या आत-बाहेर येते; तिच्या सुमारे दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरले तर ११० गुण मिळालेल्या व्यक्तीचा खरा गुण साधारणपणे १०३ ते ११७ यांच्या दरम्यान असावा, एवढेच पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. विश्वसनीयता ०.८० वर घसरली की हाच पट्टा दोन्ही बाजूंना तेरा-तेरा गुणांचा होतो. अशा कसोटीवर ११० आणि १०२ गुण मिळवणाऱ्या दोन भावंडांत हुशार कोण, हा वाद घरात कितीही रंगला तरी व्यर्थच होय.

तुलनेचा समूह जुना होतो, ही अडचण त्याहून खोल आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकी लोकांचे गुण जवळपास १४ अंकांनी वाढले होते, म्हणजे दर दशकाला सुमारे तीन. जुन्या मानकांवर, म्हणजे जुन्या समूहाच्या गुणांवरून ठरवलेल्या तक्त्यांवर, आजच्या माणसाला तोलले तर तो आपसूकच वर चढतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा प्रश्न पुस्तकी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बिनेच्या मापनश्रेणीचे रूपांतर करून १९३४ मध्ये त्यावरील शोधनिबंध आणि १९४० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. परक्या मुलांसाठी रचलेले प्रश्न इथल्या मुलांवर पारखून घेण्याचे ते काम त्या काळात फार मोलाचे होते. परंतु १९६७ च्या आवृत्तीनंतर तिची मानके म्हणावी तशी नवी झाली नाहीत, आणि मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची जुनी रीतही तिच्यात कायम आहे. असे असूनही ‘बिने-कामत’ अनेक रुग्णालयांत आजही वापरात आहे, कारण मराठीत तिच्या तोडीचे दुसरे साधन सहज हाती येत नाही. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूपांतर ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात केले, त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले आहे.

या पार्श्वभूमीवर मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बुद्धिचाचण्यांकडे पाहावे. त्यांचा साचा बहुधा एकच असतो. चौकटीत आठ आकृत्या आणि नववी जागा रिकामी, अशा पद्धतीचे वीस-तीस प्रश्न येतात. हा प्रकार जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या कसोटीवरून उचललेला असतो. कोपऱ्यात घड्याळ धावत राहते. शेवटच्या प्रश्नानंतर ‘निकाल तयार होत आहे’ अशी पट्टी सरकते, मग ईमेल मागितला जातो आणि आकडा पाहण्यासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी पैसे. ज्याला पैसे भरावयाचे आहेत त्याला ९४ सांगून धंदा कसा चालेल, हा प्रश्न कसोटीशास्त्राचा नाही, पण विचारण्याजोगा आहे.

शास्त्राचे आक्षेप वेगळे आहेत. अशा चाचणीत १०० हा आकडा कोणाच्या सरासरीवरून आला, हे बहुधा कोठेही लिहिलेले नसते. चाचणी देणाऱ्यांचीच सरासरी घेतली असेल, तर तो समूह कोड्यांची आवड असलेल्या, हौसेने आलेल्या लोकांचा ठरतो आणि लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करत नाही. एकच चाचणी तीनदा देता येते, शेजारी बसलेल्याला विचारता येते, उत्तरे शोधूनही काढता येतात. शिवाय एकाच प्रकारचे प्रश्न सोडवण्याने फार तर आकृतिबद्ध तर्काची चुणूक मिळते. शब्दज्ञान, स्मृती आणि कामाचा वेग यांचा पत्ता लागत नाही. काही चाचण्या तर १६० च्याही पुढचे गुण वाटतात. १६० म्हणजे सरासरीपासून चार विचलने, साधारण तीस हजारांत एक माणूस. वेक्सलरच्या प्रौढांसाठीच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीचे प्रमाणीकरण, म्हणजे मानके ठरवण्यासाठीची चाचणी, अमेरिकेत २,२०० लोकांवर झाले होते आणि त्या आवृत्तीची वरची मर्यादाच १६० आहे. एवढ्या खटाटोपातून जिथे त्या टोकाला पोहोचलेला एकही माणूस सापडण्याची शक्यता कमी, तिथे मोबाइलवरच्या वीस प्रश्नांतून १७२ निघतो.

संगणकावर घेतली म्हणून प्रत्येक चाचणी कुचकामी ठरते, असे मात्र नाही. संशोधकांनी मुक्तपणे वापरण्यासाठी तयार केलेले ‘आयकार’सारखे प्रश्नसंच आहेत आणि त्यांची विश्वसनीयता व मर्यादा शोधनिबंधांतून जाहीर केलेल्या आहेत; मात्र ते गटांचा अभ्यास करण्यासाठी आहेत, एखाद्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे हे ठरवण्यासाठी नव्हेत.

प्रत्यक्ष मापनात मानसशास्त्रज्ञ मुलासमोर बसतो, रंगीत ठोकळ्यांची नक्षी रचायला देऊन घड्याळ लावतो, आणि मूल दमले, घाबरले की प्रश्नच त्याला कळला नाही, याचीही नोंद ठेवतो. त्याच्या अहवालात कसोटीचे नाव, तिची आवृत्ती, गुणांचा पट्टा आणि उपकसोट्यांतील चढउतार असतात. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीही केवळ ७० च्या खालचा आकडा पुरत नाही. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, रस्ता ओलांडते का, पैसे मोजते का, अशा रोजच्या वागण्याची वेगळी तपासणी करावी लागते.