टॉर्च मंद का? टेलकॅप मोजून बघा

१८६५० सेलवर चालणाऱ्या दोन टॉर्च घ्या. सेल तोच, एलईडी तोच, तरी एकीचा उजेड ठळकपणे जास्त. अशा वेळी मी आधी टेलकॅप, म्हणजे स्प्रिंग आणि स्विच असलेलं मागचं टोपण, उघडतो.

करंट आवरणारं सर्किट नसलेल्या, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह टॉर्चमध्ये हा भाग फार महत्त्वाचा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि पांढऱ्या एलईडीला तीनच्या वर लागतात. हाताशी उरतं जेमतेम व्होल्टभर. त्यातलं स्प्रिंग आणि स्विचनं किती खाल्लं, यावर सगळा खेळ.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे कळत नाही, प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. त्यापेक्षा बेंच पॉवर सप्लायवरून फक्त टेलकॅपमधून २ अँपिअर सोडा, स्विच चालू ठेवा आणि स्प्रिंगचं टोक ते टोपणाची कडा यांच्यामध्ये मिलिव्होल्ट मोजा. ८० मिलिव्होल्ट दिसले तर रोध ४० मिलिओहम. हाच रोध ८ अँपिअरला ०.३२ व्होल्ट खातो आणि अडीच वॉटहून जास्त उष्णता टोपणातच सोडतो! स्प्रिंग तापून मऊ पडते ती यामुळेच.

उपाय सोपा आणि सुंदर: स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना लवचिक तांब्याची वायर सोल्डर करायची. सोल्डरिंग स्प्रिंगवरच, सेलवर कधीही नाही. करंट वाढेल, म्हणून सेल तेवढा करंट झेपणाराच हवा.

त्याआधी बॉडीची उघडी कडा आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून उजेड परत बघा. काही टॉर्चना तेवढंच पुरतं.