गल्लीतला दवाखाना : आजार लहान असतानाच पायरी चढा

कष्टकरी माणसाच्या घरात कुणी आजारी पडले की आधी डब्यातले पैसे मोजले जातात आणि मग डॉक्टर आठवतो. खाडा पडेल, रोज बुडेल, म्हणून ताप अंगावर काढला जातो. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून दिवस ढकलला जातो. दुखणे हाताबाहेर गेले की मग मोठे हॉस्पिटल, व्याजाचे पैसे आणि बाईच्या अंगावरचा दागिना गहाण! आपल्या वस्तीत असे घर शोधावे लागत नाही. म्हणून या वेळी आम्ही मोठ्या हॉस्पिटलाविषयी न लिहिता गल्लीतल्या लहान दवाखान्याविषयी लिहीत आहोत.

फॅमिली डॉक्टर आणि विम्याचे कार्ड

परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत वाढलेल्या वाचकांना जुने फॅमिली डॉक्टर आठवत असतील. एक लहान खोली, बाहेर बाकडे, आत कंपाउंडर आणि डोसाची कातरलेली पट्टी चिकटवलेली औषधाची बाटली. आजोबांचा दमा, आईचे बाळंतपण, धाकट्याचा गोवर, सारे त्या डॉक्टरांना तोंडपाठ. त्यांच्यापैकी कितीतरी जण कामगार विमा योजनेचे पॅनेल डॉक्टर होते. गिरणी कामगाराने कार्ड दाखवावे आणि औषध घ्यावे.

ही विमा योजना कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, माणसे दूर उपनगरांत पांगली, पण विमा योजना राहिली. आज आपली मुले कंत्राटदाराकडे सफाई, हाउसकीपिंग, वॉचमनकी करतात. त्यांनी पगाराची चिठ्ठी नीट वाचावी. जुलै २०१९ पासून या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा दर ठरला. आपल्या पगारातून कपात होत असेल तर विमा नंबर आणि कार्ड मागून घ्या. उपचाराचा हक्क बायकामुलांना आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही आहे.

ज्यांच्याकडे हा विमा नाही, त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. मुंबईत महापालिकेचे दवाखाने पूर्वीपासून आहेत. २०२२ साली तेथे ‘आपला दवाखाना’ या नावाने नवे दवाखाने सुरू झाले आणि १ मे २०२३ पासून राज्यातील तालुक्यांतही ते उघडण्यात आले. कामावरून परतणाऱ्याला जाता यावे म्हणून अनेक ठिकाणी रात्री १० पर्यंतची वेळ ठेवली गेली. वेळा सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून दारावरची पाटी वाचून घ्यावी. खेड्यात हेच काम उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र करते. तपासणी, नेहमीची औषधे, मुलांच्या लसी, गरोदर बाईची तपासणी, ब्लडप्रेशर, साखर, रक्ताच्या तपासण्या यांची तेथे चौकशी करा. ‘सरकारी औषध पाण्यासारखे असते’ हा गैरसमज आता तरी सोडला पाहिजे.

न दुखणारे आजार

ब्लडप्रेशर आणि साखर हे दोन आजार सुरुवातीला दुखत नाहीत, आणि म्हणूनच ते घात करतात. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो आणि एके दिवशी अंगावरून वारे जाते. कुणाची किडनी निकामी होते, कुणाची नजर जाते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या दोन्ही तपासण्या कराव्यात. वरचे प्रेशर १४० किंवा खालचे ९० यांच्या पुढे वारंवार येत असेल, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. गोळी सुरू झाली की ‘आता बरे वाटते’ म्हणून ती बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच!

आमच्या माता-भगिनींना एक वेगळी विनंती आहे. नवऱ्याला, मुलांना दवाखान्यात नेणारी बाई स्वतःचे दुखणे चुलीमागे लपवते. चक्कर येते, धाप लागते, पाय ओढतात, तरी ती चार घरची धुणीभांडी करून येते. पुष्कळदा हे अंगात रक्त कमी असल्याचे लक्षण असते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर ते कमी समजतात. त्याची तपासणी बोटभर रक्तात होते आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घरातील पुरुषांनीही हे ध्यानात घ्यावे आणि तिला सोबत घेऊन जावे.

सुई आणि सलाइनचा हट्ट

सुई टोचली नाही तर तो डॉक्टरच नव्हे, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. साध्या सर्दी-पडशावर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच घेतले तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते लागू न पडण्याचा धोका वाढतो. सलाइन म्हणजे मुख्यतः मिठाचे नाहीतर साखरेचे पाणी. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला बहुधा त्याची गरज नसते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी लोकांना तोंडाने पाजले. शंभरातील तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ते प्रमाण तीन-चारवर आले! जुलाब लागले की ओ.आर.एस.ची पुडी आणावी. ती नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल पाणी पीत नसेल, निपचित पडले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा. टी.बी.ची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. साधा टी.बी. सुमारे ६ महिन्यांच्या औषधाने बरा होतो, पण मध्येच औषध सोडले तर तो पुन्हा उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. पौष्टिक आहारासाठी रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा करण्याची योजना २०१८ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना ५०० वरून १,००० रुपये करण्यात आली. ती मागण्यात लाज कसली? लाज वाटून आजार लपवला, तर तो घरातल्या लेकरांना होतो.

कागद जपा, प्रश्न विचारा

डॉक्टर कोणताही असो, भिंतीवर त्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे विचारा. शिकल्यासवरल्या मुलीला सोबत न्या, ती लिहून घेईल. केस पेपर, रिपोर्ट, मुलांचे लसीचे कार्ड एका पिशवीत घालून पेटीत ठेवा. हॉस्पिटलात उपचार झाले असतील तर आपले कागद मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असे सांगितले आहे.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या आठवड्यात घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे प्रेशर आणि साखर तपासून घ्या आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिला मंडळाच्या भगिनींनी चाळीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना सोबत न्यावे. एका सकाळचा खाडा पडेल खरा, पण उद्याचे कर्ज त्याने टळू शकते.